बुडाकडून वाचायची भांडी

भिवंडीत खालच्या मजल्यावर माग चालू असले, की वरच्या मजल्यावरच्या शोकेसमधली भांडी बारीक किणकिणत राहतात. घरच्यांना तो आवाज ऐकू येत नाही, पाहुण्याला येतो. निजामपूर भागातल्या एका जुन्या कोकणी मुसलमान घरात मी चहा घेत बसलो होतो आणि माझे निम्मे लक्ष त्या किणकिणीकडे होते. शोकेसमध्ये निळ्या चित्रांच्या सहा बश्या होत्या, अंगावर उठावाचा अजगर असलेली करडी किटली होती, गुलाबी फुले आणि झुळझुळीत अंगरख्यातल्या बायका रंगवलेला एक खोल वाडगा होता आणि पिवळ्याधमक रंगाच्या चार वाट्या होत्या. मित्राची आई, म्हणजे चाची, म्हणाल्या, "सगळं चीनचं. आमच्या आजेसासऱ्यांच्या वेळचं."

परवानगी घेऊन मी एकेक भांडे उलटे केले. बश्यांच्या बुडावर 'इंग्लंड' होते. किटलीवर 'मेड इन जपान'. पिवळ्या वाट्यांवर 'मेड इन चायना' होते खरे, पण त्या आजेसासऱ्यांच्या नव्हत्या. त्या कुवेतला नोकरीला असलेल्या एका काकांनी आणल्या होत्या, हे बोलता बोलता चाचींनाच आठवले. राहिला वाडगा. त्याच्या बुडावर काहीच लिहिलेले नव्हते, आणि बहुधा तोच एक खरोखर जुना आणि खरोखर चिनी होता.

या एका कपाटात सगळा विषय आहे. चिनी थाटाची जुनी शोभिवंत भांडी जमवणारे लोक आता आपल्याकडेही वाढले आहेत, आणि घरातली एखादी बशी उचलून 'याचे काय येतील?' असे विचारणारे तर फारच वाढले आहेत. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. कारण त्याआधी हे भांडे कोणाचे, कुठले आणि कोणाला दाखवायला केलेले, हे विचारावे लागते.

सुरुवात शब्दापासूनच करू. आपण कपबशीला 'चिनी मातीची' म्हणतो तेव्हा चीन देश आपल्या मनात नसतो. दालचिनी चीनची नाही. ती श्रीलंकेतून आणि मलबारातून आली, पण फारसी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनी तिला चिनी लाकूड म्हटले आणि नाव चिकटले. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल घ्या. 1687 साली गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने अबुल हसन तानाशहाला तिथेच कोंडले. त्या महालाला हे नाव मिळाले ते भिंतीवरच्या निळ्या झिलईच्या फरश्यांमुळे. त्या फरश्यांचा घाट इराणी वळणाचा. आग्र्याच्या चिनी का रौजाचेही तेच. दख्खनमध्ये आणि उत्तरेत 'चिनी' हे फार पूर्वीपासून झिलईचे विशेषण होते. निळे, गुळगुळीत, चकचकीत असले की ते चिनी. त्यामुळे चाची खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या भाषेत ते सगळे चिनीच होते.

युरोपात याच ओढीतून एक पूर्ण शैली उभी राहिली. फ्रेंच शब्द आहे शिन्वाझरी: युरोपियन कारागिराने मनाशी कल्पिलेल्या चीनची नक्कल. ज्याने चीन पाहिला नाही त्याने काढलेला चीन. देवळासारखे मनोरे, छत्र्या, वाकडे पूल, उंच टोप्यांचे मंडारिन अधिकारी, माकडे. मूळ हेवा मात्र मातीचा होता. चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांत केओलिन नावाची पांढरी माती एका जातीच्या दगडाच्या भुकटीबरोबर मळून साधारण 1300 अंशांवर भाजत. त्यातून निघणारे भांडे पातळ, टणक आणि उजेड आरपार जाऊ देणारे असे. युरोपला हे जमत नव्हते. 1717 साली सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने प्रशियाच्या राजाला सहाशे घोडेस्वार दिले आणि बदल्यात 151 चिनी भांडी घेतली. सैनिक देऊन बरण्या घेणाऱ्या या राजाच्याच राज्यात, माइसेनला, 1710 मध्ये युरोपातला पहिला खऱ्या चिनी मातीचा कारखाना निघाला होता. पण तोवर वेड लागून चुकले होते.

माइसेनच्याच एका नक्षीची गोष्ट या सगळ्या प्रकरणावर नेमके बोट ठेवते. चिनी भांड्यावरची डाळिंबे आणि पीच तिथल्या चित्रकारांनी उतरवली, युरोपातल्या गिऱ्हाइकांना ते कांदे वाटले, आणि आजतागायत ती नक्षी 'कांद्याची' म्हणूनच विकली जाते. पुढे जपानी कारखान्यांनी ती कांद्याची नक्षी उचलून जगभर विकली. डाळिंबापासून निघालेला माल कांद्याच्या वाटेने पुन्हा आशियात पोहोचला.

आपल्या घरांत सर्वाधिक दिसणारी निळी बशी म्हणजे विलो नक्षी. वाकलेले झाड, पूल, पुलावर तीन माणसे, पाण्यात होडी, वर दोन पक्षी. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कुंभारकामाच्या कारखान्यांत ती घडली. थॉमस मिंटन आणि स्पोड ही नावे तिच्याशी जोडली जातात. दोन प्रेमी पळून जातात, बाप पाठलाग करतो, शेवटी दोघांचे पक्षी होतात, ही बशीवरची 'चिनी लोककथा' एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातच माल खपवायला रचलेली आहे. चीनमध्ये ती कोणी ऐकलेली नव्हती. गंमत पुढे आहे. हा माल इतका खपू लागला, की कँटनचे व्यापारी स्वतःच्या चित्रकारांकडून इंग्रजी बशी समोर ठेवून 'चिनी' देखावे काढून घेऊ लागले. नकलेची नक्कल मूळ देशातच झाली. म्हणून 'हे अस्सल आहे की नक्कल?' हा प्रश्न इथे फार उपयोगाचा नाही. कोणाची नक्कल, कोणत्या सालची, हे विचारले तर काही हाती लागते.

आता ही भांडी भिवंडीपर्यंत कशी आली, ते पाहू. भिवंडी आज आपल्याला मागांमुळे आणि अंजूर फाट्यापासून पसरलेल्या गोदामांमुळे माहीत आहे. पण मुळात हे खाडीवरचे बंदर. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, ती या खाडीसाठीही. गाळ साचत गेला, जहाजे मुंबईला थांबू लागली आणि भिवंडीचे दर्यावर्दीपण मागे पडले. पण इथल्या कोकणी मुसलमान घरांचा समुद्राशी संबंध तुटला नाही. व्यापारी मुंबईत गेले, खलाशी आगबोटींवर गेले, पुढच्या पिढ्या आफ्रिकेत आणि आखातात गेल्या. ज्या घरातला माणूस समुद्रावर जातो, त्या घरात परदेशी बशी येतेच. पेटीत ती कपड्यांच्या घड्यांमध्ये बसते आणि घरी येऊन दिवाणखान्यात वर्षानुवर्षे माणसाची गैरहजेरी भरून काढते.

या वाटेला तीन मोठ्या लाटा होत्या. त्या एकमेकींत मिसळल्या, की मूल्यमापन घसरते.

पहिली लाट कँटनची. चीनने 1757 पासून 1842 पर्यंत पाश्चात्त्यांना फक्त कँटन बंदरातून व्यापार करू दिला, आणि मुंबई त्या व्यापारात पुरती गुंतली होती. हिरजी जीवनजी रेडीमनी 1756 मध्येच चीनला गेले. जमशेदजी जिजीभाईंनी पाच फेऱ्या केल्या, त्यातल्या एकीत 1805 साली फ्रेंचांच्या हाती सापडले. जाताना कापूस आणि अफू, येताना चहा, रेशीम, साखर आणि चिनी भांडी. भांडी जड असल्याने जहाजाच्या तळाला ठेवायला बरी पडत, म्हणजे वजनही सांभाळले जाई आणि मालही होई. पारशी घरांतल्या गाऱ्यांबरोबर, म्हणजे चिनी भरतकामाच्या साड्यांबरोबर, गुलाबी आणि हिरव्या रंगात माणसे, पाखरे, फुले यांचे चौकोन आळीपाळीने रंगवलेली कँटनची भांडी आली, ज्यांना बाजारात 'रोझ मेडॅलियन' म्हणतात. तो वाडगा याच जातीचा. निजामपूरच्या घरात तो कसा आला हे मला कळले नाही. पण मुंबईतली पारशी घरे मोडली, लिलाव झाले, आणि त्यातल्या कितीतरी वस्तू भेंडी बाजारच्या वाटेने सगळ्या कोकणात पसरल्या, हे मात्र सांगता येते. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे मकावहून थेट पोर्तुगीज जहाजांनी माल आला. चांदोरच्या ब्रागांझा घरात तो अजून मांडलेला आहे, आणि जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन मठाच्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे निघाले.

दुसरी लाट कारखान्यांची. इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधल्या आणि हॉलंडच्या मास्ट्रिक्टमधल्या भट्ट्यांनी आशियासाठीच चिनी वळणाच्या बश्या छापल्या. मास्ट्रिक्टच्या पेट्रस रेगूटच्या कारखान्याचा बुडावरचा स्फिंक्स जुन्या बाजारात सहज भेटतो; त्याच्या नक्ष्यांना 'तिमोर', 'पजोंग', 'कँटन' अशी नावे होती. मग दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जपानने हा बाजार काबीज केला. करड्या रंगावर पांढरा अजगर, कपाच्या तळाशी उजेडात धरल्यावर दिसणारा बाईचा चेहरा, सोन्याचा ठिपका: हा जपानी माल मुंबईच्या गोदीत उतरत होता आणि तो स्वस्त होता. आजेसासऱ्यांच्या किटलीचा हा काळ.

तिसरी लाट आखाताची. तेलाच्या पैशाने 1970 नंतर कोकणातली हजारो घरे बदलली. दुबई-कुवेतच्या बाजारातून आलेले तांदळाच्या दाण्यासारखी आरपार नक्षी असलेले वाडगे आणि दीर्घायुष्याच्या शुभेच्छा लिहिलेल्या पिवळ्या वाट्या आज चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांना 'जुने चीन' म्हणणे म्हणजे हसू ओढवून घेणे. पण 'नवे' म्हणणेही आता तितके खरे राहिलेले नाही.

याच काळात देशी मालही होता. सौराष्ट्रात थानगढला कुंभारकामाचा आधुनिक उद्योग उभा करण्यात परशुराम गणपुळे या मराठी माणसाचा मोठा वाटा होता. आपल्या लोणच्याच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या त्याच जगातल्या. मुंबईत जेजे कला विद्यालयात जॉर्ज टेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभारकामाचे वर्ग चालवले. अजिंठ्याची चित्रे आणि सिंधी घाट यांच्या मिश्रणाची ती भांडी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहता येतात. त्यांत चीनचा वास नाही, तरी बाजारात त्यांना कधी कधी 'चायना' म्हणून विकले जाते. ज्याला माहीत आहे तो अशा वेळी गप्प राहून विकत घेतो.

भांडे ओळखायचे कसे, हा प्रश्न सगळ्यांत रसाळ आहे आणि सगळ्यांत जास्त थापा इथेच ऐकू येतात. नियम एकच: आधी बूड, मग चित्र. चित्र तुम्हाला भुलवण्यासाठी काढलेले असते, बुडाकडे कारागिराने तेवढे लक्ष दिलेले नसते.

बुडावरच्या शिक्क्यात देशाचे नाव असले, तर एक धागा लगेच सापडतो. अमेरिकेने 1890 मध्ये मॅकिन्ली कायदा केला. त्यानुसार 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत हवे झाले. निर्यात करणाऱ्या कारखान्यांना एका देशासाठी वेगळा माल आणि दुसऱ्यासाठी वेगळा असे परवडत नव्हते, म्हणून सर्वत्र जाणाऱ्या मालावर नावे पडू लागली. नुसते 'इंग्लंड' असेल तर साधारण 1891 नंतरचे; 'मेड इन इंग्लंड' बहुतेक विसाव्या शतकातले. जपान 1921 पर्यंत 'निप्पॉन' लिहीत असे, नंतर 'जपान'. 'ऑक्युपाइड जपान' असेल, तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातला, 1952 पर्यंतचा काळ. इंग्रजी भांड्यावर आत अक्षरे असलेला, पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराचा शिक्का असेल, तर 1842 ते 1883 मधली नोंदणी. 'आरडी' आणि आकडा असेल, तर 1884 नंतरची. 'डेकोरेटेड इन हाँगकाँग' दिसले की विसाव्या शतकाचा उत्तरार्ध समजावा. पण शिक्का नसला म्हणजे भांडे 1891 च्या आधीचे, हा उलटा तर्क चालत नाही. देशांतर्गत बाजारासाठीच्या मालावर शिक्का नसायचाच, आणि कागदी चिकटपट्टी एका धुण्यात जाते.

चिनी अक्षरांचे शिक्के याहून फसवे. कांगशी बादशहाची कारकीर्द 1662 ते 1722, छ्येनलुंगची 1736 ते 1795. त्यांच्या नावाचे शिक्के एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतल्या लाखो भांड्यांवर आहेत. ही सरसकट लबाडी नव्हती; जुन्या काळाला मान देण्याची ती चिनी कुंभाराची पद्धत होती. इंटरनेटवर अक्षरे जुळवून 'तीनशे वर्षांचे आहे' म्हणणाऱ्या माणसाला हे समजावणे अवघड जाते, कारण तोवर त्याच्या डोक्यात आकडा बसलेला असतो.

शिक्का बाजूला ठेवून हाताने बघा. बैठकीचे कडे, म्हणजे भांडे ज्यावर टेकते ती गोल कड, नखाने चाचपा. चिनी भांड्यात ती बहुधा झिलईविना असते. चाकावर कापल्याच्या खुणा दिसतात, मातीचा रंग किंचित तांबूस उमटलेला असतो. जपानी इमारी ताटाच्या बुडावर भट्टीत टेकू दिलेल्या बारीक टिंबांच्या खुणा सापडतात. इंग्रजी जुन्या पांढऱ्या मातीच्या बशीत झिलई कड्याच्या आत साचते आणि तिथे ती निळसर दिसते. मग भांडे उजेडासमोर धरून त्यामागे बोटे ठेवा: खऱ्या चिनी मातीतून बोटांची सावली दिसते, साध्या मातीतून दिसत नाही. बोन चायनातूनही दिसते. इंग्रजांनी हाडांची राख घालून केलेला तो प्रकार आहे, आणि याच कारणासाठी आपल्याकडच्या कित्येक घरांत त्या कपातून चहा पीत नसत.

नक्षी हाताने काढली की छापली, हेही बघावे. छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरत, ते पातळ कागदावर उतरवत आणि ओला कागद भांड्यावर दाबत. कागद गोल बशीवर बसवताना कुठेतरी दुमडतो किंवा तोडून जोडावा लागतो. किनारीच्या नक्षीत एक झाड अर्धे राहिलेले किंवा एक फूल दोनदा आलेले सापडले, की छाप ओळखली. निजामपूरच्या सहाही बश्यांवर किनारीचा हा सांधा होता. सहा बश्यांत सहा वेगवेगळ्या ठिकाणी. मला तो सांधा शोधण्यातच सगळा आनंद मिळाला. चाचींना वाटले मी दोष शोधतोय.

दोषांचाही एक बाजार आहे आणि त्याची स्वतःची भाषा आहे. कडेचा टवका उडाला असेल तो डोळ्याला दिसतो. पण झिलईखालची केसासारखी बारीक चीर, तिला मुंबईच्या जुन्या बाजारात 'बाल' म्हणतात, टिचकी मारल्यावर ऐकू येते. धडधाकट भांडे घंटेसारखे वाजते, बाल आलेले भांडे ठस्स करते. म्हणूनच दुकानदार टिचकी मारू देत नाहीत. पूर्वी तडकलेल्या भांड्यांना पितळी टाके घालत. बुडाशी अशी शिवण असेल तर किंमत कमी होते, पण मला स्वतःला ते भांडे जास्त आवडते, कारण कोणीतरी ते टाकून द्यायला तयार नव्हते. नव्या दुरुस्तीत मात्र रंग आणि रासायनिक लेप असतात, ते उघड्या डोळ्यांना फसवतात. जांभळ्या प्रकाशाचा दिवा अंधारात धरला की लेप निराळ्या रंगात चमकतो. हा छोटा दिवा आज शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. हौशी संग्राहकाने पहिली खरेदी भांड्याची न करता या दिव्याची करावी.

आता किंमत. 1 ऑक्टोबर 2022 रोजी फ्रान्समध्ये फॉन्तेनब्लोला ओसना या लिलावघरात एक निळी-पांढरी फुलदाणी विकायला आली. ब्रिटनीतल्या एका आजीच्या घरातली, चोपन्न सेंटिमीटर उंच, अजगर आणि ढगांची. तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली शोभेची वस्तू ठरवून दीड ते दोन हजार युरो अंदाज दिला. बोली 77 लाख युरोंपर्यंत गेली. शुल्क धरून ती सुमारे 91 लाखांची झाली. चीनच्या खरेदीदारांनी ती अठराव्या शतकातली मानली होती. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला आणि त्याचे लिलावघराशी असलेले काम संपले. दुसरी गोष्ट 2010 ची. लंडनच्या रायस्लिप भागातल्या लिलावात एका घरातल्या छ्येनलुंग काळच्या फुलदाणीला 4 कोटी 30 लाख पौंडांची बोली लागली; खरेदीदाराने पैसेच दिले नाहीत. नंतर ती खासगीत बऱ्याच कमी रकमेला गेली.

या दोन गोष्टी भिवंडीतल्या शोकेसला लागू नाहीत. तरी त्या सगळ्यांना माहीत आहेत, आणि त्यांनी फार नुकसान केले आहे. लिलावातली बोली म्हणजे दोन हट्टी माणसांनी त्या दिवशी केलेले भांडण. तिला 'किंमत' म्हणता येत नाही. मूल्यमापन करणाऱ्याने आधी विचारायचे असते: किंमत कशासाठी हवी? विम्यासाठी हवी असेल, तर तसेच भांडे परत घ्यायला काय लागेल ते. विकायची असेल, तर मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरचा दुकानदार आज रोख काय देईल ते, आणि तो आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी असतो, कारण त्याला भाडे भरायचे आहे आणि त्या बशीवर कदाचित दोन वर्षे धूळ झाडायची आहे. वाटणीसाठी हवी असेल, तर गणित आणखी तिसरेच. सहा बश्यांचा संच तीन भावांत दोन-दोन वाटला, की संच मेला. तीन घरांत मिळून त्याची किंमत आधीच्या एका घरातल्यापेक्षा कमी होते. भिवंडीत अशी विखुरलेली किती संचाची भांडी असतील, कल्पना करवत नाही.

विलो नक्षीची छापील इंग्रजी बशी कोट्यवधींच्या संख्येने निघाली. तिचा भाव तिच्या जुनेपणाने फारसा वाढत नाही. वाढतो तो अखंडपणाने, छाप किती स्पष्ट बसली आहे यावर, आणि कारखान्याचे नाव ओळखता येते की नाही यावर. रोझ मेडॅलियनचा उंच, जोडीचा, न तुटलेला कुंभ असेल, तर गोष्ट वेगळी. लिलावघरांना त्यात रस आहे. मुंबईत सॅफ्रनार्ट, पंडोल, अस्तगुरू यांच्या विक्रीत शोभिवंत वस्तूंची पाने असतात, पण तिथे एकटी-दुकटी बशी घेऊन गेलात, तर नम्रपणे परत पाठवतील. आणि बाजारात सगळ्यांत महाग विकले जाते ते पत्र, पावती किंवा छायाचित्र. आजेसासऱ्यांचा किटलीबरोबरचा फोटो असता, तर किटलीपेक्षा त्या फोटोने जास्त काम केले असते.

इथे कायद्याचा एक मुद्दा येतो. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा 1972 चा, अंमलात 5 एप्रिल 1976 पासून. शंभर किंवा त्याहून अधिक वर्षे जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू होऊ शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. पुरावस्तूंची खरेदी-विक्री हा धंदा म्हणून करायला परवाना लागतो, आणि सामान्य माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे आखातातल्या किंवा इंग्लंडातल्या नातेवाइकाला आजीचा वाडगा भेट म्हणून द्यायचा, तर आधी पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. मूर्ती, चित्रे, चित्रित हस्तलिखिते यांची नोंदणी सक्तीची आहे; साध्या बश्यांची नाही. गंमत अशी, की 1925 च्या आसपासची जपानी किटली या क्षणी शंभरी ओलांडते आहे. ज्या वस्तूला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते ती उद्या कायद्याच्या व्याख्येत येते, आणि घरातल्या माणसांना त्याचा पत्ता नसतो.

जमवणाऱ्यांविषयी बोलायचे, तर या क्षेत्राची दोन टोके आपल्याकडे आहेत. एका टोकाला टाटा बंधू. सर रतन टाटा (निधन 1918) आणि सर दोराबजी टाटा (निधन 1932) यांच्या संग्रहातली चिनी आणि जपानी भांडी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. ते संग्रहालय लोकांसाठी 10 जानेवारी 1922 ला उघडले. शिकायचे असेल तर इथेच जावे: एक दिवस फक्त त्या दालनात, हातात वही, फोटो न काढता. अस्सल कांगशी निळा रंग एकदा नीट पाहिला, की बाजारातला निळा आपोआप परका वाटतो. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, 1951 मध्ये उघडलेले, याच धाटणीचे, आणि एका माणसाचा हावरेपणा किती मोठा असू शकतो याचे उदाहरण.

दुसऱ्या टोकाला पुण्याचे दिनकर केळकर. 1896 ते 1990 या आयुष्यात त्यांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे, वज्र्या अशा घरगुती वस्तू गोळा केल्या आणि 1975 मध्ये सगळे सरकारला दिले. त्यांच्या डोळ्याला जी वस्तू बाजारात बिनकिमती होती तीच हवी होती. चिनी थाटाच्या भांड्यांना असा केळकर मिळालेला नाही. श्रीमंत संग्राहक अस्सल चीन घेतो, लोकसंस्कृतीचा अभ्यासक पितळ आणि लाकूड घेतो, आणि मधल्यामध्ये मास्ट्रिक्टची बशी, जपानी किटली, हाँगकाँगमध्ये रंगवलेली फुलदाणी कोणाच्याच यादीत बसत नाही. कोकणातल्या दर्यावर्दी घरांचा विसाव्या शतकाचा इतिहास लिहायला बसलो, तर मला कागदांहून या भांड्यांवर जास्त भरवसा वाटेल. जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहतात, तेव्हा भंगारवाल्याच्या टेम्पोत पितळ, लाकडी खांब, खिडक्यांच्या चौकटी जातात. त्यांना वजनाचा किंवा फुटाचा भाव असतो. बश्यांना किलोचा भाव नाही. त्या गोणीत जातात आणि गोण आपटली जाते.

संशय हवाच, पण तो सगळ्यांवर सारखा ठेवू नये. चोर बाजारात 'पुराना चायना' म्हणून गेल्या वर्षी भट्टीतून निघालेल्या फुलदाण्या चहाच्या पाण्यात बुडवून विकल्या जातात, हे खरे. खुर्ज्याची निळी नक्षी आणि जयपूरची नीलमृत्तिका यांनाही काही दुकानदार चिनी म्हणून खपवतात. जयपूरच्या भांड्यात तर माती जवळपास नसतेच, गारगोटीची आणि काचेची भुकटी असते. पण घरातल्या माणसाने सांगितलेली गोष्ट बुडाशी जुळत नाही म्हणून ती फेकून द्यायची नसते. चाचींच्या गोष्टीत देश चुकला होता, माणसे चुकली नव्हती. ती किटली कोणी आणली, बश्या कोणाच्या लग्नात निघाल्या, एक बशी कोणी आणि कोणत्या ईदेला फोडली, हे त्यांना तोंडपाठ होते. मी ते वहीत उतरवून घेतले, प्रत्येक भांड्याच्या बुडाचा फोटो काढला, मापे लिहिली आणि वहीचे पान त्यांच्या मुलाला दिले.

निघताना चाचींनी विचारले, मग वाडगा विकावा का. मी म्हटले, विकायची घाई असेल तर विचारा, नसेल तर आधी त्याला मागांच्या धक्क्यापासून वाचवा. बश्या एकमेकींना घासून कडेची झिलई जाते. त्यांनी मुलाला खाली पाठवले. तो कापडाच्या गाठी बांधताना उरलेल्या चिंध्या मूठभर घेऊन आला. चाचींनी खुर्ची ओढली आणि एका बशीखाली एक, दुसरीखाली एक, अशा चिंध्या सारायला सुरुवात केली. सहावीपर्यंत पोहोचल्या तेव्हा खालचे माग चालूच होते आणि शोकेसमधून आवाज येत नव्हता.